महाकायाला ओठ नाहीत

ज्याला ओठ नाहीत त्याच्या तोंडी काहीही घालता येते, हा डबिंगच्या धंद्यातला पहिला नियम स्टुडिओच्या मालकांनी मला चहाच्या पहिल्या घोटाआधी सांगितला, आणि माझा ऱ्हास तिथूनच सुरू झाला, असे आमच्या घरात मानले जाते. मी तसे मानत नाही. ऱ्हास व्हायला आधी काही उंची लागते, आणि मी त्या वेळी कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहीत होतो.

ते काम हलके होते असे मी म्हणणार नाही. ‘झाकण बंद केल्याखेरीज यंत्र सुरू होणार नाही’ या वाक्यात जी काटकसर आहे ती साधण्यासाठी माझ्या पिढीतल्या कित्येक कवींना आयुष्य पुरलेले नाही. परंतु मी स्वतःही कवी होतो. आधुनिक कवितेवर पदवी घेतलेली होती, आणि माझ्या कविता नियतकालिकांकडे जाऊन इतक्या इमानाने परत येत की आमचा पोस्टमन पाकिटाच्या जाडीवरूनच सहानुभूतीचा चेहरा करून जिना चढत असे. मालकांनी मला शोधून काढले ते मात्र पुस्तिकांमुळे. त्यांच्या घरच्या यंत्राची पुस्तिका माझी होती.

“यंत्रांची भाषा तुम्हाला येते,” ते म्हणाले. “हेही यंत्रच आहे. जरा मोठं आहे.”

जरा मोठे म्हणजे असे की ढग त्याच्या कमरेपाशी अडत. परदेशातून आलेली ती ॲनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका होती, आणि तिला आपल्या भाषेत बोलते करायचे होते. काळ फार पुढचा. जग केव्हाच कोसळलेले. समुद्र आटलेले, शहरे वाळूखाली, आणि उरलेली मूठभर माणसे एका प्रचंड यंत्रमानवाच्या पावलांमागून, कुठेतरी पाणी आहे एवढ्या ऐकीव गोष्टीच्या आधारावर चाललेली. यंत्रमानवाचे मूळ नाव उच्चारताना मालकांची कवळी हलत असे, म्हणून आम्ही त्याला महाकाय म्हणू लागलो. त्याच्या खांद्यावर बसून त्याला वाट दाखवणारी एक मुलगी होती. तिला ओठ होते, आणि ते सतत हलत. तिचे तोंड ‘आ’ होऊन मिटले की माझे वाक्यही तिथेच मिटले पाहिजे. जास्तीचे एक अक्षर उरले तर ती मिटल्या तोंडाने बोलतेय असे दिसे. मुलीच्या चार शब्दांसाठी मी सकाळ घालवी.

महाकाय मात्र बोलतच नव्हता. मुलगी विचारी, “थकलास का?” आणि तो नुसता उभा राही. छातीतला दिवा मंद होई, वाळू उडे, वारा वाहे, आणि पुढचे दृश्य येईपर्यंत असेच चाले. तोंडाच्या जागी त्याला एक सपाट पत्रा होता.

“हे चालणार नाही,” मालक म्हणाले. “शांतता दिसली की माणूस रिमोट शोधतो. भरा तिथं काहीतरी. ओठ नाहीत त्याला, कोण विचारतंय?”

कोण विचारतंय, हे वाक्य कोणीतरी माझ्या कवितेबद्दल तक्रार म्हणून नव्हे तर परवानगी म्हणून उच्चारावे, याची मी तरुणपणापासून वाट पाहत होतो. मी घरी गेलो आणि त्या आटलेल्या समुद्रात माझ्या आयुष्यभराच्या साभार परत आलेल्या कविता सोडून दिल्या. मुलगी विचारते, थकलास का? महाकाय म्हणतो, ‘मी गंजलेल्या उन्हाच्या काठावर उभा आहे. माझ्या गुडघ्यांत एका समुद्राची रिकामी खोली आहे.’

मालकांनी ते चष्मा कपाळावर ढकलून वाचले. “छान. म्हणजे थकलाय.”

“तसं थेट म्हणता येणार नाही.”

“थकलाय,” ते म्हणाले आणि पान उलटले.

आता प्रश्न आवाजाचा होता. आलेले उमेदवार एकतर खलनायकासारखे गुरगुरत, नाहीतर औषधाच्या जाहिरातीसारखे गोड बोलत. जगबुडीनंतरही ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा आवाज सापडत नव्हता. हे मी जेवताना बायकोला सांगत होतो. तिने घास खाली ठेवला आणि आतल्या खोलीकडे पाहिले. आतल्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत तिचे वडील बसलेले होते.

माझे सासरे बसस्थानकावर उद्घोषक होते. कोणती गाडी कुठे लागली, कोणती उशिरा येते, कोणाचे मूल चौकशी खिडकीपाशी रडत उभे आहे, हे या शहराने त्यांच्या तोंडून आयुष्यभर ऐकले. मग तिथे ध्वनिमुद्रित बाई आली. तुकडे जोडून बोलणारी. सासऱ्यांना निरोपाचा हार मिळाला आणि ते आमच्याकडे राहायला आले. त्या दिवसापासून त्यांचे बोलणे ‘हं’ या एका अक्षरावर येऊन थांबले होते. चहा हवा का, हं. बरे वाटते का, हं. बायको रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून दिवसभरातले काहीबाही सांगे आणि एकदा तरी त्यांनी उलट काही विचारावे म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राही. नंतर स्वयंपाकघरात येऊन ती भांडी जरा मोठ्याने ठेवी.

“बाबांना विचार,” ती म्हणाली.

“ते बोलत नाहीत गं.”

“म्हणून तर.”

सासऱ्यांना मी स्टुडिओत नेले ते पाहुणे म्हणून. काचेपलीकडच्या खोलीत ते मायक्रोफोनसमोर उभे राहिले, जाकिटाची बटणे लावली, कागद डोळ्यांपासून दूर धरला आणि म्हणाले, “मी गंजलेल्या उन्हाच्या काठावर उभा आहे.” ते असे म्हणाले की गंजलेल्या उन्हाचा काठ म्हणजे एखादा फलाट असावा आणि तिथे कोणाला तरी घ्यायला जायचे असावे. हेडफोन लावून बसलेली रेकॉर्डिस्टबाई, जी एरवी मान फक्त नकारार्थी हलवत असे, तिने हात वर करून सगळ्यांना थांबवले. “हेच,” ती म्हणाली.

त्यानंतर आमचे घर बदलले. प्रथम आनंद झाला. आनंदाला अंगवळणी पडायला वेळ लागतो, तो मिळाला नाही. सासरे बोलू लागले, आणि ज्या पद्धतीने ते आयुष्यभर बोलत आले होते त्याच पद्धतीने बोलू लागले. “लक्ष द्या. स्वयंपाकघरातून येणारा चहा काही वेळ उशिराने येत आहे.” “स्नानगृह मोकळे झालेले आहे. पुढील व्यक्तीने टॉवेल घेऊन तयार राहावे.” माझी चप्पल हरवली तर तिचा रंग आणि अंगठ्याची अवस्था खालच्या मजल्यापर्यंत कळे. बायको हसे आणि हसता हसता डोळे पुसे, आणि मी कवी असूनही त्यावर काही लिहिले नाही, याची नोंद व्हावी.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहतात. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि सल्ला द्यायला जिना उतरून खाली येतात, एवढा त्यांचा मोठेपणा. महाकायाची बातमी कळताच ते आले.

“गुडघ्यात बेअरिंग कुठलं आहे?”

“समुद्राची रिकामी खोली आहे,” मी म्हणालो.

“वंगण?”

“नाही.”

“मग दुसऱ्या पावलाला बसेल तो. लिहून ठेवा. एवढ्या वजनाला चालवायचं असेल तर पाय चार पाहिजेत.” त्यांनी जाताना दारातून परत वळून सांगितले, “आणि ऊन गंजत नाही. त्याला आधी लोखंड असावं लागतं.”

पुढच्या एका भागात महाकाय वाळूखालच्या एका शहरात पोहोचतो, जिथे काही माणसे अजून तळघरांतून राहत असतात आणि वरचे छत कोसळणार असते. तिथेही मूळ दृश्यात तो नुसता हात पसरून उभा होता. मी त्याला म्हणायला लावले, ‘हे शहर स्वतःच्याच सावलीखाली दबत चालले आहे.’ सासऱ्यांनी ते वाचले आणि प्रथमच माझ्या ओळीवर बोट ठेवले.

“यानं कोणी हलणार नाही, जावईबुवा.”

“हलायचं नाहीये बाबा, आत काहीतरी हलायला हवं.”

“आधी माणसं हलू देत.” त्यांनी पेन मागून घेतले आणि समासात स्वतःची ओळ लिहिली.

रविवारी सकाळी गॅलरीत उभे राहून ते त्या ओळीचा सराव करत होते. मी आत दाढी करत होतो. ओळ अशी होती: “लक्ष द्या. सर्वांनी सामान न घेता, धक्काबुक्की न करता, डावीकडच्या जिन्याने ताबडतोब खाली उतरावे. ही वास्तू आता उभी राहणार नाही.”

आमच्या इमारतीला जिना डावीकडेच आहे.

मी अर्ध्या दाढीवर तसाच बाहेर आलो तेव्हा समोरच्या घराचे दार उघडे होते आणि आत कोणी नव्हते. खाली अंगणात सगळी इमारत उभी होती. सामान न घेता. धक्काबुक्की झालेली नव्हती. कोणी गालावर साबण घेऊन आले होते, कोणी हातात लाटणे. अध्यक्ष टॉवेलवर होते आणि त्याही अवस्थेत माणसे मोजत होते. शेजारच्या इमारतीतली माणसे आमच्याकडे पाहून खाली उतरू लागली होती. सगळ्यांनी ज्याच्या सांगण्यावरून आयुष्यभर गाड्या पकडल्या तो आवाज होता तो. त्याने सांगितल्यावर कारण विचारायची कोणाला सवयच नव्हती. बायको माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “आपण पण जायचं का खाली?”

कोणीतरी अग्निशमन दलाला फोन केला होता. दलाचे अधिकारी आले, त्यांनी इमारतीभोवती फेरी मारली, भिंतीला हात लावून पाहिला आणि विचारले, “धोका काय आहे?”

“काही नाही,” मी म्हणालो. “माणसांना वर जाऊ द्या.”

“असं जाऊ देता येत नाही. आत सोडायचं तर धोका टळला असं सांगावं लागतं. टळला म्हणायचं तर आधी कुठला होता ते लिहावं लागतं.”

“जगाचा अंत,” सासरे म्हणाले. ते शेवटी, सगळे उतरल्याची खात्री करून, जिन्याने खाली आलेले होते.

अधिकाऱ्यांनी पेन थांबवले. “तो कधी?”

“फार पुढच्या काळात,” मी म्हणालो. “वाळूखाली. एका मालिकेत.”

त्यांच्या छापील तक्त्यात आग होती, गळती होती, अडकलेले मांजर होते, हे नव्हते. त्यांनी मला मालिकेची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. अंगणात उन्हात उभ्या असलेल्या दोन इमारतींसमोर, दाढीचा अर्धा फेस घेऊन, मी ती सांगितली. मुलीचे पुढे काय होते, असे एका काकूंनी विचारले. पुढचे भाग अजून आलेले नाहीत, असे मला सांगावे लागले, आणि तेव्हा मात्र जमावात नाराजी पसरली. शेवटी अधिकाऱ्यांनी ‘इतर’ या सदरात काहीतरी लिहिले आणि जाताना सासऱ्यांना म्हणाले, “आवाज चांगला आहे. आमच्याकडे भोंगा आहे, पण तो ऐकून माणसं खिडकीतून बघतात. खाली उतरत नाहीत.”

सोसायटीची सभा झाली. सराव करण्यापूर्वी ‘हा सराव असून या सूचनेकडे दुर्लक्ष करावे’ अशी पूर्वसूचना द्यावी, असा ठराव झाला. पूर्वसूचना सासरेच देत. ती इतकी भारदस्त होई की ती ऐकायला सगळे गॅलरीत येत आणि दुर्लक्ष करण्यासाठी थांबून राहत.

यानंतर मालिका दाखवणार असलेल्या वाहिनीच्या परीक्षण विभागाने मला बोलावले. मला वाटले, आता कविता अडवली जाणार. खरे सांगायचे तर त्यासाठी मी एक बाणेदार उत्तरही तयार केले होते. टेबलामागच्या बाई सौम्य होत्या. त्यांनी महाकायाची सगळी वाक्ये पिवळ्या शाईने रंगवलेली होती.

“‘माझ्या सावलीला भूक लागली आहे.’ काय खाते ती?”

“ते प्रतीक आहे.”

“मुलं विचारतील.” त्यांनी सहकाऱ्याला हाक मारली, दोघे कुजबुजले, मग त्यांचा चेहरा उजळला. “यंत्राला ओठ नाहीत ना? मग हे संवादांत येत नाही. पार्श्वध्वनीत येतं. वारा, गडगडाट, यंत्रांचे आवाज. पार्श्वध्वनीचा अर्थ आम्ही तपासत नाही. तुम्ही निर्धास्त राहा.”

बाणेदार उत्तर खिशात घेऊन मी परत आलो. ज्या कवितांना संपादकांनी निदान नाकारण्याइतके वाचले होते, त्यांची नोंद आता वाऱ्याखाली झाली होती.

आणि मग शेवटचे भाग आले.

ही मालिका हप्त्याहप्त्याने येत होती. पुढे काय आहे हे मालकांना ठाऊक नव्हते, मला नव्हते, आणि विचारावे असे कोणालाही वाटले नव्हते. मालक, रेकॉर्डिस्टबाई आणि मी, आम्ही तिघे स्टुडिओत बसून ते भाग पाहू लागलो. माणसे दमलेली आहेत, बरीच मागे गळाली आहेत, आणि मुलगी महाकायाच्या तळहातावर गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे. तिच्यासाठी आलेल्या कच्च्या भाषांतरात लिहिले होते: ‘इतकं चालत आलो. इतकं विचारलं तुला. एकदा तरी काही बोललास का?’

मालकांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या अंदाजाने महाकाय तोवर दोन काव्यसंग्रहांइतका बोललेला होता.

पुढे ती त्याच्यावर रागावते, रडते, मग रडणे थांबवते, आणि तो चालत राहतो. अगदी शेवटी धुके उठते, खाली पाणी दिसते, आणि महाकाय गुडघ्यावर बसून हात जमिनीला टेकवतो. छातीतला दिवा शेवटचा पेटतो, आणि पत्र्यामागून आवाज येतो. एकच वाक्य. पोहोचलो आपण. मग दिवा विझतो. सगळी मालिका त्या एका वाक्यासाठी गप्प राहिलेली होती, आणि ती शांतता मी उसाच्या गाड्यासारखी भरून टाकली होती.

मालकांनी चष्मा काढून पुसला. मग धंद्यातला माणूस जागा झाला. “तिचं वाक्य बदलू. ‘इतकं बोललास तू. पण मुद्द्याचं एकदा तरी बोललास का?’”

रेकॉर्डिस्टबाईने दृश्य मागे नेऊन पाहिले. “ओठांवर बसतं,” ती म्हणाली.

बसतेच, यात शंका नव्हती. माझ्या कवितेवर आजवर झालेल्या समीक्षेत एवढी नेमकी ओळ दुसरी नव्हती.

घरी आल्यावर मी बायकोला सगळे सांगितले. आत सासरे शेवटच्या वाक्याची वाट पाहत घसा सांभाळत होते. कोमट पाण्याची घोषणा नुकतीच झाली होती.

“म्हणजे वाक्य बदललं नाही तर बाबांचं सगळं काढावं लागेल?”

“एक वाक्य सोडून सगळं.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली. “बदल,” ती म्हणाली. “मला ती खुर्ची परत तशी बघायची नाहीये. तुला ठाऊक आहे, मी रोज दार उघडताना आधी त्यांचा श्वास ऐकायची. बदल, आणि बाबांना सांगू नकोस.”

मला समजावण्याची तिला गरज नव्हती. गृहशांती आणि वाङ्मयीन स्वार्थ एका दिशेला तोंड करून उभे आहेत असा प्रसंग माझ्या संसारात दुसरा आठवत नाही. दुसऱ्या दिवशी शेवटचे वाक्य घेऊन मी सासऱ्यांना स्टुडिओत नेले. त्यांनी जाकिटाची बटणे लावली, कागद पाहिला, आणि तो खाली ठेवला.

“गाडी दाखवा,” ते म्हणाले.

“कुठली गाडी?” मालकांनी विचारले.

“हा पोहोचलो म्हणतोय. कुठून निघाला, कसा आला, मला बघायचंय. फलाटाला लागलेली गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कधी ‘आली आहे’ म्हटलेलं नाही. स्थानकावर आता बसवलेल्या बाई म्हणतात. गाडी पंक्चर होऊन नाक्यावर उभी असते आणि इकडे आली म्हणून सांगतात.”

“वाक्य छोटंच आहे हो, म्हणून टाका.”

“छोटं आहे म्हणूनच.”

तोपर्यंत सासऱ्यांनी आपली दृश्येच तेवढी पाहिली होती. आता त्यांना मूळ मालिका पहिल्यापासून दाखवणे भाग पडले. परकी भाषा, खाली कच्चे भाषांतर, आणि महाकाय गप्प. सासरे खुर्चीच्या कडेला बसून पाहत राहिले. दिवसभर पाहिले, दुसऱ्या दिवशी येऊन पाहिले. मुलगी विचारते, थकलास का, आणि वाळू उडते, तेव्हा मी माझ्या बुटांकडे पाहत असे. शेवटचा भाग संपला. त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला.

“हिला आपल्याकडं काय म्हणायला लावलंय?”

रेकॉर्डिस्टबाईने नवे वाक्य ऐकवले. मुद्द्याचं एकदा तरी बोललास का.

सासरे मान हलवत राहिले. “पोर एवढी वाट पाहतेय, आणि मी मध्ये मध्ये बडबडतोय.” मग माझ्याकडे वळून, जखमेवर फुंकर घालावी तसे म्हणाले, “तुमचं वाईट नाही, जावईबुवा. पण ते सगळं तो गप्प उभा असताना कळतंच की हो.” आणि मालकांना म्हणाले, “काढा सगळं.”

“काढतो,” मालक म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनाही तो शेवट दुसऱ्यांदा पाहताना नाक पुसावे लागले होते. “मग तुमचं एकच वाक्य. आज घेऊन टाकू, की तुम्ही मोकळे.”

“मोकळा कसा?” सासरे म्हणाले. “तो सगळीकडे आहे ना उभा? मग मीही उभा राहतो. गप्प राहतो. ते घ्या.”

“काय घ्या?”

“माझं गप्प राहणं.”

मालकांनी समजावून सांगितले की शांतता यंत्रात आयती असते, बटण दाबले की हवी तेवढी मिळते, तिच्यासाठी माणसाने ताटकळायचे कारण नाही. सासऱ्यांनी ऐकून घेतले. “ती कोणाचीच नसते,” ते म्हणाले आणि काचेपलीकडे जाऊन मायक्रोफोनसमोर उभे राहिले.

त्यांचे मन मोडू नये म्हणून पहिले दृश्य घेतले गेले. पडद्यावर मुलीने विचारले, थकलास का? सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले. त्यांनी उत्तर देण्याइतका श्वास घेतला, तो धरला, आणि न बोलता हळूहळू सोडून दिला. मालक माझ्या कानाशी म्हणाले, “यात काय ऐकू येणार?” रेकॉर्डिस्टबाईने हेडफोन काढून त्यांच्या कानांना लावला. मालक ऐकत राहिले. बराच वेळ ऐकत राहिले. “आत कोणीतरी आहे,” ते म्हणाले.

सगळी मालिका अशी घेतली गेली. मी रोज जात असे, कारण संवादलेखकाने हजर राहावे असे करारात होते. सासरे काय काय बोलत नाहीत ते मी पाहत बसे.

घरी मात्र गोंधळ झाला. त्या आठवड्यात बायको बाहेरून आली तर सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत गप्प, नजर लांब, हात मांडीवर. तिच्या हातातली पिशवी खाली पडली. “बाबा, काय होतंय? बोला ना काहीतरी.” त्यांनी एक हात वर करून तिला थांबवले. ती उभीच राहिली. काही वेळाने त्यांनी हात खाली घेतला.

“दमवतो हा प्रसंग,” ते म्हणाले. “त्या पोरीला दरीत उतरताना बघून याला ओरडावंसं वाटतंय, आणि ओरडायचं नाहीये. तू कधी आलीस? ऑफिसात काय म्हणत होते?”

बायको जमिनीवरच बसली आणि ऑफिसात काय म्हणत होते ते सांगू लागली. फार काही म्हणत नव्हते, पण तिने ते अंधार पडेपर्यंत सांगितले, आणि ते मधून मधून विचारत राहिले.

शेवटचा भाग दाखवला गेला त्या दिवशी आमच्या बैठकीच्या खोलीत सगळी इमारत आली होती. अध्यक्षांनी मालिका चालू असतानाच प्रत्येक भागाला दोनदा विचारले होते, “यात तुमचे सासरे कुठायत?” आणि मी दोनदा सांगितले होते, “ते उभे आहेत ते.” आज मात्र ते नुसते पाहत होते. महाकाय अजून दुसऱ्या पावलाला बसलेला नव्हता, त्याचा त्यांना थोडा राग आलेला होता. सासरे मागे, दाराला टेकून, बटणे लावून उभे होते.

मुलीने शेवटचे विचारले. आमच्या शब्दांत नव्हे, तिच्याच. धुके उठले. तो एवढा प्रचंड देह गुडघ्यावर आला, हात जमिनीला टेकला, दिवा पेटला, आणि इतके भाग ज्याचा नुसता श्वास खोलीत वावरत होता तो आवाज म्हणाला,

“पोहोचलो आपण.”

कोणी टाळी वाजवली नाही. समोरच्या काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे अध्यक्ष उठले आणि गाडीत सामानाची फळी असते तिथे, डोक्यावर हात नेऊन काहीतरी चाचपू लागले. मग सगळी खोलीच उठली. कोणी चपला पायांत सरकवत होते, कोणी शेजारच्याला हळूच हलवत होते, एकाने खिडकीतून बाहेर वाकून पाहिले. मीही वाकून पायांशी पिशवी शोधत होतो. पिशवी आणलेली नव्हती, आणि घर माझेच होते. पडद्यावर अक्षरे सरकू लागली. त्यांत ‘संवाद’ या शब्दापुढे माझे नाव येऊन गेले, असे बायको म्हणते. मी त्या वेळी जिन्याकडे चाललेल्या माणसांमध्ये होतो, आणि दारात सासरे सगळे नीट उतरतात ना ते बघत उभे होते.